पाटी पुसण्यापूर्वी

उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ लोक सांदीपनी आश्रमही पाहून येतात. मंगळनाथाच्या रस्त्यावर असलेल्या या ठिकाणी श्रीकृष्ण, बलराम आणि सुदामा यांनी विद्याभ्यास केला, अशी परंपरेने चालत आलेली श्रद्धा आहे. त्या परिसराला अंकपात म्हणतात. कृष्ण तेथे आपली पाटी धूत असे, पाटीवरचे अंक पाण्यात पडत, म्हणून अंकपात, असे तेथील लोक सांगतात. जवळच एका शिळेवर एक ते शंभर आकडे कोरलेले आहेत. ते खुद्द सांदीपनींनी कोरले असे मानतात.

श्रद्धेचा भाग श्रद्धेपाशी राहू द्या. मला त्या जागेवर एक निराळाच विचार सुचला. जे शिकवायचे ते दगडावर टिकून राहिले, पण जे शिकणे झाले ते पाण्याबरोबर वाहून गेले. कृष्णाने चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला हस्तगत केल्या असे भागवत सांगते. परंतु त्या चौसष्ट दिवसांत गुरूंनी कोणता प्रश्न विचारला, शिष्य कोठे अडला, अडल्यावर गुरूंनी काय केले, याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही. आणि हे केवळ पुराणकाळाचेच आहे असे नव्हे. आज सकाळी आपल्या महाविद्यालयात जे तास झाले, त्यांचे तरी दुसरे काय झाले? घंटा वाजली, फळा पुसला, तास संपला. विषय क्रमिक पुस्तकात शाबूत आहे. पण तासात काय घडले ते कायमचे नाहीसे झाले.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे मला ही गोष्ट फार विचित्र वाटते. आमच्याकडे किराणा दुकानदारसुद्धा रात्री फळी लावण्यापूर्वी रोजमेळ घालतो. किती आले, किती गेले, उधारी कोणाकडे राहिली, हे पाहिल्यावाचून तो घरी जात नाही. हा हिशेब तो कर खात्यासाठी करीत नाही, स्वतःसाठी करतो. कारण धंदा कोठे गळतो आहे हे त्याला वेळीच समजायला हवे असते. शिक्षकाच्या धंद्यात मात्र रोजमेळ नाही. वर्षाअखेरीचा ताळेबंद तेवढा आहे, म्हणजे परीक्षेचा निकाल. आणि निकालावरून नफा की तोटा एवढे कळले, तरी तो कोणत्या दिवशी, कोणत्या व्यवहारात झाला हे कळायला मार्ग नसतो.

आज हा रोजमेळ घालण्याचे साधन आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलवर तासाचे चित्रण करता येते, ते थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुन्हा पाहता येते. तरीही हे साधन आपण या कामासाठी वापरत नाही. ते का वापरावे आणि कोणत्या अटींवर वापरावे, याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

व्हिडिओ आणि शिक्षण म्हटले की आपल्यासमोर पहिल्याने येतो तो दूरवरून येणारा धडा. याचा इतिहास आपल्या देशात मोठा आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने दूरचित्रवाणीचा 'साइट' हा प्रयोग सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत झाला. त्या सहा राज्यांत आपला कर्नाटक होता आणि मध्य प्रदेशही होता. मुलांच्या कार्यक्रमांबरोबर प्राथमिक शिक्षकांचे विज्ञानाचे प्रशिक्षणही त्यातून झाले. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. त्याच वर्षी पुण्यात बालचित्रवाणी स्थापन झाली आणि २०१७ साली ती बंद करण्यात आली. पुढे २०२० साली शाळा-महाविद्यालये बंद पडली तेव्हा तर घरोघरी मोबाइलच वर्ग झाला. या सगळ्यांचे महत्त्व मी नाकारीत नाही. पण यांत एक गोष्ट समान आहे. बोलणारा पडद्यात आहे आणि पाहणारा पडद्यापुढे गप्प बसला आहे. हा व्हिडिओ कीर्तनकारासारखा आहे.

दुसरा व्हिडिओ पहारेकऱ्यासारखा. २०१९ साली दिल्ली सरकारने सरकारी शाळांच्या वर्गांत कॅमेरे बसविण्यास आणि वर्गातील दृश्य पालकांना आपल्या मोबाइलवर पाहू देण्यास प्रारंभ केला. कॅमेरे आता ठिकठिकाणी दिसतात. चोरी-मारामारी रोखण्यास त्यांचा उपयोग होत असेल. पण छताच्या कोपऱ्यातून पाहणाऱ्या डोळ्याला एवढेच कळते की शिक्षक वर्गात होते आणि मुले बाकावर होती. कोणाला समजले आणि कोणाला नाही, हे त्याला दिसत नाही.

तिसरा व्हिडिओ आरशासारखा. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण मराठीत म्हणतो. कन्नडमध्ये 'अंगै हुण्णिगे कन्नडि बेके', म्हणजे तळहातावरच्या फोडाला आरसा हवा काय, असे म्हणतात. आमच्या घरी मराठी आणि गल्लीत कन्नड असल्यामुळे या दोन्ही म्हणी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. दोन्हींचे म्हणणे खरेच आहे. पण हात दिसतो म्हणून तोंडही दिसेल असे नाही. स्वतःचे तोंड पाहायला मराठी माणसालाही आणि कन्नड माणसालाही आरसा लागतोच. शिकवणाऱ्याला आपले शिकवणे दिसत नाही, कारण त्या वेळी तो शिकवण्यात गुंतलेला असतो.

हा आरसा नवा नाही. १९६३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत सुरू केली. होतकरू शिक्षकाने थोड्या मुलांना, थोडा वेळ, एकच कौशल्य डोळ्यापुढे ठेवून शिकवायचे, त्याचे चित्रण पाहायचे आणि पाठ सुधारून पुन्हा घ्यायचा. चित्रण हा त्या पद्धतीचा गाभा होता. ती पद्धत आपल्याकडे आली, बडोदा आणि इंदूर येथे तिच्यावर पुष्कळ काम झाले. इंदूरच्या डॉ. बी. के. पासी यांचे या विषयावरील पुस्तक १९७६ साली निघाले. इंदूर उज्जैनपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, तेव्हा हे काम उज्जैनच्या अगदी शेजारचेच म्हणायचे. भारतीय पद्धतीत सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे अभिप्राय, बारा मिनिटे फेरआखणी, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि सहा मिनिटे अभिप्राय, असे छत्तीस मिनिटांचे चक्र ठरले. फक्त एक गोष्ट वगळावी लागली, ती म्हणजे कॅमेरा. त्या काळी चित्रणाचे यंत्र आपल्या अध्यापक महाविद्यालयांना परवडणारे नव्हते. म्हणून मुलांच्या जागी सहाध्यायी बसले आणि चित्रणाच्या जागी मार्गदर्शकांचा शेरा आला. काटकसर म्हणून ती योग्यच होती. पण यंत्र खिशात आल्यावरही काटकसर तशीच चालू राहिली, हे मात्र अनाकलनीय आहे.

माझी आत्या उज्जैनला असते. शिंदेशाहीपासून तेथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी एकात तिला दिली आहे. घरात मराठी, बाहेर हिंदी, असा तिच्या घरचा रिवाज. तिची मुलगी, माझी आतेबहीण, बी.एड. करीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा ताईने मला आपल्या सराव पाठांची चित्रणे दाखविली. मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घेऊन, खिडकीत चार पुस्तकांच्या आधाराने मोबाइल उभा करून तिने ती घेतली होती. पाठ सातवीच्या वर्गावर, हिंदीतून, विषय शेकडा नफा-तोटा. मार्गदर्शकांनी तिच्या वहीत शेरा दिला होता की वर्गावर नियंत्रण चांगले, फलकलेखन सुवाच्य. ताई तेवढ्याने समाधानी होती. रात्री जेवणानंतर ती एकटी चित्रण पाहायला बसली आणि तिने हातात पेन्सिल घेतली.

पस्तीस मिनिटांत तिने तेवीस प्रश्न विचारले होते आणि त्यांतल्या पंधरांची उत्तरे स्वतःच देऊन टाकली होती. खिडकीकडच्या रांगेतील एकाही मुलीला प्रश्न गेला नव्हता. एक मुलगा तीनदा अर्धा हात वर करून खाली घेत होता. वर्गात असताना यांतले काहीएक तिला दिसले नव्हते आणि शेऱ्यातही ते नव्हते.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो एक लहानसा प्रसंग. फळ्यावर उदाहरण होते: ८० रुपयांची वस्तू १०० रुपयांना विकली, तर शेकडा नफा किती? एका मुलीने उत्तर दिले, वीस. ताई म्हणाली, चूक, आणखी कोण सांगेल? दुसऱ्याने पंचवीस सांगितले आणि पाठ पुढे गेला. चित्रणात मात्र ती मुलगी खाली बसताना शेजारणीला म्हणते ते स्पष्ट ऐकू येते, "शंभरावर वीस, म्हणजे वीसच ना?" आता आम्हा वाणिज्यवाल्यांना विचारा. ढोबळ नफ्याचे प्रमाण आम्ही विक्रीवरच काढतो, आणि त्या हिशेबाने उत्तर वीस टक्केच येते! पुस्तक खरेदीवर नफा मागत होते म्हणून पंचवीस. मुलगी ढ नव्हती, तिने पाया निराळा धरला होता. तुझा पाया कोणता, एवढे विचारले असते तर शेकडेवारीचा सगळा मर्म त्या एका उत्तरातून वर्गाला उलगडून दाखविता आला असता. मी हे म्हटल्यावर ताई बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पुढच्या पाठात नुसते चूक म्हणायचे नाही, कसे काढलेस ते आधी विचारायचे." चित्रणाचा खरा उपयोग तो हाच. ते शिक्षकाचे दोष दाखविते असे नव्हे, विद्यार्थ्याचा विचार दाखविते.

अमेरिकेतील मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांतील ध्वनिफिती ऐकून असे दाखविले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात. हा थांबा तीन सेकंदांवर नेला तर उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलू लागतात आणि 'माहीत नाही' म्हणणे कमी होते. तीन सेकंद थांबायला पैसा लागत नाही की सरकारी आदेश लागत नाही. पण आपण एकच सेकंद थांबतो हे आपल्याला सांगणार कोण? ते घड्याळ लावून पाहिल्यावाचून कळत नाही.

अनेक वर्गांची चित्रणे शेजारी-शेजारी ठेवून पाहिली तर आणखी मोठ्या गोष्टी कळतात. १९९५ साली जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतील आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचे चित्रण करून अभ्यास झाला. असे दिसले की जपानी शिक्षक पुष्कळदा अवघड उदाहरण आधी मुलांपुढे टाकतो, त्यांना झगडू देतो आणि त्यांच्या निरनिराळ्या रीती फळ्यावर आणून मग चर्चा करतो. अमेरिकेत आधी रीत सांगून तिचा सराव करून घेण्याकडे कल होता. प्रत्येक देशातील शिक्षकाला आपली पद्धत हीच शिकवण्याची स्वाभाविक पद्धत वाटत होती. दुसऱ्याची पाहिली तेव्हा कळले की ती केवळ सवय आहे. आपल्याकडेही २०१२ साली सुरू झालेल्या 'टेस-इंडिया' या उपक्रमात आपल्याच देशातील वर्गांची चित्रणे शिक्षकांच्या अभ्यासासाठी तयार करण्यात आली. त्याच्या सात राज्यांत कर्नाटक आणि मध्य प्रदेश दोन्ही होते. तेव्हा हे परदेशी खूळ आहे असे म्हणण्याचे कारण नाही.

आता आक्षेपांकडे वळू. कोणी म्हणेल, कॅमेरा समोर आला की शिक्षकही नाटक करतात आणि मुलेही. पहिल्या दिवशी करतील. चौथ्या दिवशी मोबाइल खिडकीत आहे हे कोणाच्या ध्यानातही राहणार नाही. कोणी म्हणेल, प्राध्यापकांना अभ्यासक्रम पुरा करायला वेळ नाही, तास पुन्हा पाहायला कोठून मिळणार? पूर्ण तास पाहूच नये. दहा मिनिटे निवडावीत आणि एकच प्रश्न घेऊन पाहावीत. आज प्रश्न कोणाला गेले? किंवा आज मी किती बोललो? नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० साली शिक्षकांसाठी दरवर्षी पन्नास तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. शालेय शिक्षकांच्या त्या पन्नासांपैकी चार-पाच तास स्वतःचा वर्ग पाहण्यात गेले तर ते वाया गेले असे कोण म्हणेल?

प्रतिष्ठेचा आक्षेप मात्र मी गंभीर मानतो. शिक्षकाला आपले चित्रण पाहताना संकोच वाटतो, आणि त्याहून अधिक भीती वाटते ती दुसरे कोण पाहील याची. ही भीती खोटी नाही. शिक्षकांच्या बोलण्याची लकब, एखादा चुकलेला उच्चार, यांचे दहा सेकंदांचे तुकडे थट्टेसाठी फिरविले जातात हे आपण सर्व जाणतो. आणि अधिकाऱ्यांच्या हाती पडले तर हेच चित्रण गोपनीय अहवालाला जोडले जाणार नाही याची हमी कोण देणार? आरशाचा पहारेकरी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून मला वाटते, कॅमेऱ्याच्या आधी विश्वास हवा. या बाबतीत मध्य प्रदेशातीलच एक उदाहरण आठवण्याजोगे आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला, तिचे उज्जैनलाही केंद्र होते. २००२ साली शासनाने तो कार्यक्रम बंद केला. त्यात शिक्षक दर महिन्याला एकत्र बसत आणि कोणता प्रयोग वर्गात फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारून आपल्याला अडविले, हे मोकळेपणाने एकमेकांना सांगत. तेथे कॅमेरा नव्हता. पण आपला वर्ग हा चर्चेचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी मान्य केले होते. अशी बैठक असेल तर मोबाइल तिला धार आणील. बैठकच नसेल तर लाख रुपयांचा कॅमेराही पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून माझ्या अटी साध्या आहेत. चित्रण शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या इच्छेने व्हावे. त्याची मालकी त्यांची. ते कोणाला दाखवायचे आणि केव्हा पुसायचे ते त्यांनी ठरवावे. मूल्यमापनाच्या कोणत्याही फायलीत ते जाऊ नये. वर्गातील मुलांना आधी सांगावे आणि ज्याची इच्छा नसेल त्याला कॅमेऱ्याच्या मागे बसू द्यावे. मुले अठरा वर्षांखालील असतील तर पालकांची संमती घ्यावी. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातलेली आहे. आणि विद्यार्थी म्हणून आपणही एक गोष्ट मान्य करावी. त्या वेळी आपले मोबाइल दप्तरात राहतील.

आता कोणी विचारील की हे सर्व बी.एड.च्या मुलांनी लिहावे, बी.कॉम.च्या मुलाला याची उठाठेव कशाला? मित्रहो, याची खरी गरज आपल्यालाच आहे. आपण निम्मे-अधिक विद्यार्थी मराठी किंवा कन्नड माध्यमातून येथे आलो. परिव्यय लेखांकनाचा तास इंग्रजीतून चालतो. सर मध्येच थांबून विचारतात, समजले का? आपण सगळे एका सुरात 'येस सर' म्हणतो. सरांना वाटते समजले. आपल्याला वाटते, शेजाऱ्याला समजले असेल, आपणच मागे आहोत. या 'येस सर'मध्ये किती अज्ञान लपलेले असते ते परीक्षेपर्यंत सरांनाही कळत नाही आणि आपल्यालाही. सर चांगले शिकवितात, आपण नियमित बसतो, तरीही मध्ये काहीतरी हरवते. त्यात कोणाचा अपराध नाही, पण नुकसान आपले होते. त्या दहा मिनिटांचे चित्रण सरांनी एकदा शांतपणे पाहिले, तर माना डोलत असताना हातातली पेने थांबलेली आहेत, हे त्यांना दिसेल. कोणता शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकदा सांगितला असता तर पेने पुन्हा चालू लागली असती, हेही दिसेल.

आरसा एकट्या सरांपुढेच का धरायचा? दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही. क्रिकेटपटू आपला बाद झालेला चेंडू पुन्हा पाहतो. आपण परिसंवादात निबंध वाचतो तेव्हा किती वेळ कागदातून मान वर काढतो, हे आपणही पाहायला हवे. दोघा मित्रांनी एखादे उदाहरण मोठ्याने बोलत सोडवावे, तिसऱ्याने चित्रण करावे आणि नेमके कोठे अडलो ते तिघांनी मिळून पाहावे. आपल्याला येत नाही ते गणित नसून प्रश्नातील एक इंग्रजी वाक्य आहे, असे पुष्कळदा निघेल. आणि तेवढे कळणे म्हणजे निम्मा अभ्यास झाला.

येत्या सत्रात आपल्या महाविद्यालयात एवढे तरी व्हावे. ज्यांना पटेल अशा दोन-तीन प्राध्यापकांनी महिन्यातून एकदा आपली दहा मिनिटे चित्रित करावीत आणि आपसात पाहावीत. आम्ही विद्यार्थ्यांनी, मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांच्या मुलांचा मिळून एक लहान अभ्यासगट करावा आणि आपल्या अडण्याची चित्रणे करावीत. वर्षाअखेरीस हवे तर सगळी चित्रणे पुसून टाकू. पाटी पुसायला माझी हरकत नाही, पुसल्यावाचून नवे लिहिता येत नाही. माझे म्हणणे एवढेच की, पुसण्यापूर्वी ती एकदा वाचावी.